'शोधगंगा' आणि मराठीचा विद्यार्थी : एक चिकित्सा

पदव्युत्तर वर्गातील लघुशोधप्रबंधांत 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणात 'प्रस्तुत विषयावर यापूर्वी संशोधन झालेले आढळत नाही' हे वाक्य हमखास भेटते. पूर्वी ते ग्रंथालयात न जाता लिहिले जाई. आता 'शोधगंगा'वर दोन-चार शब्द टंकून लिहिले जाते, इतकाच फरक. याचा दोष केवळ विद्यार्थ्याच्या आळसाला देऊन चालणार नाही. मराठीपुरते पाहिले तर साधनातच काही उणिवा आहेत आणि त्या आपण वर्गात सांगत नाही.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या या भांडाराचे मोल वादातीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध असून ते विनामूल्य वाचता येतात.

प्रश्न आहे तो शोधाचा. मराठी प्रबंधांची शीर्षके काही ठिकाणी देवनागरीत, काही ठिकाणी रोमन लिप्यंतरात, तर काही ठिकाणी इंग्रजी भाषांतरात नोंदलेली आढळतात. 'ग्रामीण कादंबरी' शोधणाऱ्याला 'ग्रामीण' हा शब्द रोमनमध्ये एका 'आय'ने लिहिला आहे की दोन 'ई'ंनी, हे कळणार कसे? दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीचे अनेक प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकलिखित झाले. पडद्यावर ते देवनागरी दिसतात; संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरे व चिन्हे यांची अर्थहीन माळ असते. ज्या प्रबंधांची पाने केवळ चित्रे म्हणून स्कॅन झाली, तेथे तर शोधण्याजोगा मजकूरच नाही. म्हणजे प्रबंध भांडारात आहे, उघडून वाचताही येतो; पण त्यातील शब्द टंकून तो हाती लागत नाही. 'आढळत नाही' या शब्दांत हे सारे झाकले जाते आणि परीक्षकही ते 'नाही' असेच वाचतो.

सशुल्क भांडारांनी ही उणीव भरून निघेल, अशी आशा व्यर्थ आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वरदानच. मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला मात्र 'सत्यकथा', 'नवभारत' यांचे जुने अंक हवे असतात. त्यांचा मार्ग अजूनही जुन्या ग्रंथसंग्रहालयांतून आणि शं. ग. दाते यांच्या सूचीतून जातो. (दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' पाहिलेला विद्यार्थी आता विरळाच, प्राध्यापकांविषयी न बोललेले बरे.)

तोवर करण्याजोगे काही आहे. 'शोधगंगा'वर शोधचौकटीशी न थांबता विद्यापीठ, मग विभाग या क्रमाने मराठी विभागाची संपूर्ण यादी वाचावी. ते वेळखाऊ आहे, पण लिप्यंतराच्या गोंधळातून त्यानेच सुटका होते. आढाव्याच्या प्रकरणात कोणते शब्द, कोणत्या लिपीत, कोणत्या दिनांकास शोधले हे लिहावयास लावावे. अशी नोंद नसल्यास मार्गदर्शकाने त्यावर स्वाक्षरी करू नये. आणि ज्या मार्गदर्शकांचे स्वतःचे प्रबंध जुन्या फाँटांत अडकले आहेत, त्यांनी आपले शीर्षक व सारांश युनिकोड देवनागरीत करून विद्यापीठ ग्रंथालयाकडे नोंददुरुस्तीसाठी द्यावा. हे काम एका दुपारचे आहे.