शेण, मेण आणि सहा घटक

आमची नात आठवीत होती तोवर तिला गोष्टी आवडत असत. नववीत गेली आणि तिला गोष्टींचे घटक शिकवायला सुरुवात झाली. परवा संध्याकाळी मी आरामखुर्चीत तोंडावर पेपर घेऊन चिंतन करीत पडलो होतो (आमच्या घरात या चिंतनाला घोरणे असा शब्द रूढ आहे), तोच ती वही घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"आबा, कथेचे सहा घटक. उदाहरण देऊन स्पष्ट करायचेत. उद्या द्यायचंय."

वहीत बाईंनी सांगितलेली यादी होती. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, निवेदन, आशय. वाण्याच्या यादीसारखी एकाखाली एक. हे सहा जिन्नस आणावेत, निवडून घ्यावेत, मंद आचेवर ठेवावेत आणि वर कोथिंबीर भुरभुरावी की कथा तयार, असा कुणाचाही समज व्हावा. माझा तर झालाच होता. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' निघालं 1931 साली. मी ते बी.ए.ला असताना, म्हणजे चाळीसएक वर्षांनी, रात्री जागून वाचलं आणि सगळे जिन्नस मोजूनमापून घालून अकरा कथा लिहिल्या. दहा साभार परत आल्या. अकरावी आली नाही म्हणून आठ महिने मी दर अंक दुकानात उभ्या उभ्या चाळत होतो. मग लक्षात आलं की त्या वेळी परतीची पोस्टाची तिकिटं जोडायची राहून गेली होती.

तेव्हा घटक म्हटलं की माझं जुनं दुखणं वर येतं. पण नातीपुढे तसं दाखवता येत नाही. मी घसा साफ केला आणि ॲरिस्टॉटलपासून सुरुवात केली. म्हटलं, या गृहस्थानं शोकांतिकेचे सहाच घटक मोजले होते. कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि देखावा. त्यात कथानकाला पहिला पाट आणि माणसांना दुसरा. पुढे 1927 साली फॉर्स्टर नावाच्या इंग्रज कादंबरीकारानं एक खुबी सांगितली. राजा मेला आणि मागाहून राणी मेली, तर ती नुसती गोष्ट. पण राणी राजाच्या दुःखानं मेली असेल तर ते कथानक. म्हणजे 'मग काय झालं' असं विचारलं की गोष्ट पुढे सरकते, आणि 'का झालं' असं विचारलं की कथानकात पाय अडकतो.

"उदाहरण?" नात म्हणाली. तिला राजाराणीत रस नव्हता. "आणि धड्यातलं नको, ते सगळ्या लिहिणार."

"चिमणी आणि कावळा," मी म्हटलं.

"आबा, मी नववीत आहे!"

आता हे खरं की नववीतल्या मुलीनं चिमणीकावळ्यावर टीकालेख लिहायचा म्हणजे एम.ए.च्या विद्यार्थ्यानं बाराखडी गिरवण्यासारखं. पण तुम्ही ही गोष्ट शेवटची कधी नीट ऐकली आहे? आपण ती सांगतो तेव्हा आपलं लक्ष घास भरवण्याकडे असतं. ऐकतो तेव्हा आपण अर्धे झोपलेले असतो. ज्या गोष्टीवर अवघा महाराष्ट्र जेवला आणि झोपला, तिच्याकडे जागेपणी कुणी पाहिलेलंच नाही.

कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. मोठा पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दारी येऊन दार ठोठावतो. ती म्हणते थांब, बाळाला अंघोळ घालतेय. पुन्हा ठोठावतो, थांब, बाळाला अंगडं घालतेय. मग तीटपावडर. मग झोपवणं. बाहेर कावळा भिजतो आहे.

कथानक पाहा. घर वाहून जातं ते शेणाचं म्हणून. फॉर्स्टरचं 'का' एका शब्दात निकालात निघालं. माझा तर संशय आहे की हे सगळं कथानक निव्वळ यमकापोटी जन्माला आलं. कुणा आजीच्या तोंडात शेण आलं, पाठोपाठ मेण आलं, आणि मग एवढं जुळून आलंय तर पाऊस पाडायलाच हवा म्हणून तिनं पाऊस पाडला. आमच्या कवींचीही बरीचशी कविता याच मार्गानं येते, फक्त ते कबूल करत नाहीत.

वातावरणाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. गोष्टीत पावसाळा आहे, ठीक. पण पावसाळ्याआधी वैशाख येऊन गेला असणारच ना? विदर्भातल्या उन्हात मेणाच्या घराचं काय होत असेल? त्या दिवसांत शेणानं सारवलेल्या गारगार घरात कावळा पाय पसरून झोपत असणार आणि दारावर चिमणी टकटक करीत असणार. म्हणजे ज्यानं गोष्ट सांगितली त्यानं ऋतू निवडूनच चिमणीची बाजू घेतली आहे. वातावरण म्हणजे झाडंपानं आणि मावळता सूर्य अशी माझी अकरा कथांत समजूत होती. ते असं कुणा एकाच्या पदरात माप टाकतं, हे मला केस पांढरे झाल्यावर कळलं.

"पात्रं?" नातीचं पेन धावत होतं.

पात्रं दोन. बाळ धरलं तर तीन. आणि इथे मी थबकलो. कारण बाळ कुणी पाहिलंय? निवेदन कुठून चाललंय याचा जरा विचार करा. सांगणारा कावळ्याबरोबर बाहेर पावसात उभा आहे. आतली चिमणी आपल्याला दिसत नाही, तिचा फक्त आवाज येतो. अंघोळ, अंगडं, तीट हे सगळं बंद दाराआडून आलेलं निवेदन आहे. ते खरं असेल, बाळ खरोखरच ओलंचिंब असेल आणि बिचारीला दोनच पंख असतील. किंवा आत काहीच चाललेलं नसेल, नुसतीच एक चिमणी कडीला हात लावून उभी असेल. दार उघडेपर्यंत कळायला मार्ग नाही, आणि दार उघडेपर्यंतच तर गोष्ट आहे. पुढे मराठीत गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर आले, नवकथा आली, मनाच्या आतलं दाखवायची नवी वाट सापडली म्हणून पानंच्या पानं लिहिली गेली. लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण आतलं न दाखवता ते असं अंगावर आणणं, हे कुणा निरक्षर बाईनं घास भरवता भरवता करून ठेवलं होतं, याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी होती.

"संघर्ष," नात म्हणाली. "संघर्ष कुठंय? भांडण तर होतच नाही."

इथे मला खरं म्हणजे गप्प बसता आलं असतं. पण मी बोललो.

12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, आणि मुठेचं पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरलं. लकडी पूलही पाण्याखाली गेला. मी सात वर्षांचा होतो. आमचा वाडा सदाशिव पेठेत, चढावर. आमच्यापर्यंत पाणी आलं नाही. दुपारी दारावर थाप पडली. बाहेर नारायण पेठेतली आमची काकू, गुडघ्यापर्यंत चिखल, कडेवर एक पोर आणि हाताशी एक. आईचं आणि काकूचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण एक पितळी घंगाळ, वाटणीत कुणाकडे जायचं ते. (ते कुणाकडेच गेलं नाही, मोडीत गेलं.) मी ओटीवरच्या खिडकीतून काकूला पाहत होतो. आतून आईचा आवाज आला, "थांबा, बाळाला अंघोळ घालतेय."

बाळ म्हणजे माझी धाकटी बहीण, सहा महिन्यांची.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सात वर्षांच्या मुलाला घड्याळ नसतं. पुन्हा थाप पडली नाही एवढं आठवतं. मग आई आली, तिनं दार उघडलं, काकूच्या कडेवरचं पोर आपल्याकडे घेतलं, आणि घंगाळाबद्दल दोघींनी पुढे कधीही एक शब्द काढला नाही. काकू आठ महिने आमच्याकडे राहिली. दोघी एका चुलीवर स्वयंपाक करीत आणि एकमेकींच्या आमटीला नावं ठेवीत, म्हणजे सगळं सुरळीत झालं होतं.

पण त्यानंतर आमच्या घरात चिमणीकावळ्याची गोष्ट बदलली. आई सांगायची तेव्हा कावळा पहिल्यांदा ठोठावतो आणि चिमणी दार उघडते. संपली गोष्ट. आम्ही चार मुलं ताटावर बसून ओरडायचो, आई, अंघोळ राहिली! तीट राहिली! आई म्हणायची, नाही, तशी नाहीये ती. घास घ्या.

समीक्षक म्हणून सांगायचं तर ती गोष्ट साफ पडली होती. घरं होती, पाऊस होता, दोन्ही पात्रं जागेवर होती, आशय तर पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला होता. पण दार आणि कडी यांच्यामधला वेळ तिनं काढून टाकला होता आणि त्याबरोबर गोष्टच निघून गेली होती. आम्ही दुसरी सांग म्हणून हट्ट धरायचो. आईनं गोष्ट बिघडवली ती बिघडवलीच. मरेपर्यंत नातवंडांनाही तिनं ती तशीच, बिघडलेली सांगितली.

नातीनं पेन खाली ठेवलं. "पण पणजी खरंच अंघोळ घालत होती का?"

"मला काय ठाऊक? मी ओटीवर होतो."

"आत्याआजीला विचारू?"

विचारू म्हणेपर्यंत फोन लागलासुद्धा. आमची बहीण नाशकाला असते, आता ती आजी झाली आहे, आणि फोनवर ती सभेत बोलल्यासारखं बोलते, त्यामुळे मला आरामखुर्चीतून सगळं ऐकू आलं.

"अगं, मला काय आठवणार? सहा महिन्यांची होते मी!" ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण आई मला रोज सकाळी सहाला न्हाऊमाखू घालायची हो. काकूच सांगायची मला, हसत हसत."

नातीनं फोन ठेवला. वहीत 'निवेदन' या मथळ्याखाली लिहिलेल्या चार ओळी तिनं खोडल्या आणि पुन्हा लिहायला बसली.