हिल्डा मॅथेसन आणि नभोवाणीचे गद्य

हिल्डा मॅथेसन (१८८८–१९४०) यांचे नाव बहुधा एका राजीनाम्याच्या अनुषंगाने घेतले जाते. जॉईसच्या ‘युलिसिस’विषयी हॅरॉल्ड निकलसन यांनी नभोवाणीवर बोलावे की नाही, या १९३१ मधील वादात महासंचालक रीथ यांच्याशी असलेले त्यांचे मतभेद विकोपास गेले व त्यांनी बी. बी. सी.च्या भाषणविभागाचे संचालकपद सोडले. गद्याच्या अभ्यासकास मात्र त्यांचा १९३३ मधील ‘ब्रॉडकास्टिंग’ हा छोटेखानी ग्रंथ अधिक मोलाचा वाटावा.

श्रोते लक्षावधी असले तरी ऐकणारा आपल्या घरी एकटा असतो. त्याच्यापुढे सभा गाजविणे किंवा निबंध वाचणे व्यर्थ होय, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे. मॅथेसनबाई १९२७ मध्ये संचालिका झाल्या तेव्हा वक्त्यांपुढे आदर्श होते ते धर्मपीठाचे आणि व्यासपीठाचे. (आपला ‘नभोवाणी’ हा शब्ददेखील वरून उतरणारा आवाज सुचवितो, त्यांची वाणी शेजारच्या खुर्चीतून येणारी आहे.)

हा शोध सांगताना लेखिका त्याचे श्रेय ‘प्रयोगां’ना देते. ते प्रयोग कोणी केले? वक्त्यांकडून तालमी करून घेणाऱ्या, संहितेतील लेखी वळणे मोडून ती बोलती करणाऱ्या त्या स्वतःच होत्या. हा निगर्वीपणा शोभून दिसतो खरा. परंतु त्यामुळे इतिहासातून कर्ताच नाहीसा होतो, आणि कर्त्याबरोबर त्याची अडचणही. कारण सहज वाटणारे ते बोलणे आधी कागदावर उतरलेले असे, आणि जो कागद बोलण्याला घरगुती वळण देई तोच वरिष्ठांना तपासणीसाठीही उपयोगी पडे. वादग्रस्त विषयांवरील बंदी १९२८ मध्ये उठली, कागद राहिला. निकलसन प्रकरण हे या दुहेरी उपयोगाचेच फळ होय. तेव्हा ग्रंथातील आत्मीयतेचे विवेचन या प्रकरणाशेजारी ठेवूनच वाचावयास हवे.

तथापि त्यामुळे मूळ सिद्धांत खोटा ठरत नाही. इंग्लंडमध्ये १९२८ च्या कायद्याने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. त्यानंतर १९२९ मध्ये, मॅथेसनबाईंच्याच कारकिर्दीत, ‘द वीक इन वेस्टमिन्स्टर’ सुरू झाले. त्यात स्त्री-सभासद पार्लमेंटचे कामकाज घरी बसलेल्या मतदार स्त्रियांना समजावून सांगत. सिद्धांताची खरी कसोटी तेथे लागली, ग्रंथ लिहिला जाण्यापूर्वी चार वर्षे.