समुद्रवाङ्मयातील पूर्वतयारी

समुद्रपर्यटनाचे वर्णन वाचावयास घेतले म्हणजे बहुधा पहिल्याच पानावर नांगर उचलला जातो. दुसऱ्या पानावर किनारा दिसेनासा होतो आणि तिसऱ्यावर वादळ येते. क्रमिक पुस्तकांसाठी उतारे निवडणारे तर याही पुढे जातात. वादळ तेवढे ठेवून अलीकडचे-पलीकडचे सारे कापून टाकतात. नौका कोठून आली, तिचा तळ कोणी तपासला, पिण्याचे पाणी किती घेतले, आणि जाणारा मनुष्य जाण्यास योग्य कसा झाला, हे प्रश्न वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो रसिकतेतून नव्हे, आळसातून आलेला आहे, असे आमचे मत असून तेच येथे मांडण्याचे योजिले आहे.

या प्रघाताचे मूळ बरेच दूर जाते. संतवाङ्मयात भवसिंधू आणि नाव ही जोडी पदोपदी भेटते. तेथील नाव नेहमीच सज्ज असते. तिची डागडुजी कोणी करीत बसत नाही. नावाडी प्रत्यक्ष परमेश्वर असल्यावर तसे करण्याचे कारणही उरत नाही. रूपकाला हे शोभते. परंतु रूपकाची सवय गद्याला जडली म्हणजे पंचाईत होते. पुढे सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेले गीत हे मराठी मनाचे समुद्रगीत ठरले. त्यात बोलणारा तीरावर उभा आहे; त्याचे भांडण समुद्राशी आहे, नौकेशी त्याला काही कर्तव्य नाही. हा त्या गीताचा दोष नव्हे. त्या एका गीताने समुद्राविषयी सारे बोलून झाले असे आपण समजलो, हा दोष आपला.

मराठी गद्याला हा विषय मुळातच अपरिचित असता तर गोष्ट निराळी होती. परंतु रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण आपणांपैकी पुष्कळांनी शिकविले आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील हे लेखन. जहाजे फार थोर नसावीत व फार लहानही नसावीत, पावसाळ्याआधी आरमाराची छावणी कशी करावी, लाकूड कोठून आणावे, या सर्वांचा तेथे विचार आहे. त्यातील लाकडाविषयीचा भाग आम्हांला मराठी गद्याच्या उत्तमांशांत गणावासा वाटतो. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या कामी येण्याजोगे खरे. पण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून धन्याला राजी करून व मोल देऊन जीर्ण झालेले झाड तेवढे घ्यावे, अशी ती आज्ञा. या प्रकरणाचे बळ लढाईच्या वर्णनात नाही. एका डोलकाठीमागे कोणाचे अंगण रिकामे होणार याची जाणीव त्यात आहे, आणि पूर्वतयारी वाङ्मय केव्हा होते याचे उत्तर आम्हांला तेथे सापडते.

या दृष्टीने अलीकडच्या काळातील ज्या एका ग्रंथाचा विचार अवश्य करावयास हवा, तो नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांचा ‘द फर्स्ट इंडियन’ हा होय. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी, म्हणजे समुद्रापासून चांगलेच दूर, राहत असत. नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. तीन नावे, तिन्ही मराठी. आणि ग्रंथ इंग्रजीत. याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

प्रथम काळाचा हिशेब पाहावा. दोंदे यांनी हे काम अंगावर घेतले ते एप्रिल २००६ मध्ये; मुंबईहून प्रस्थान ठेवले १९ ऑगस्ट २००९ रोजी; परत आले मे २०१० मध्ये. प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी चाळीस महिन्यांची! ते मुळात पाणबुड्यांच्या शाखेतले. महासागरात एकट्याने शीड हाकारण्याचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. म्हणून ते इंग्लंडला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी त्या वृद्ध नाविकाच्या नौकेच्या शर्यतपूर्व तयारीत हात काळे करून घेतले, आणि शिक्षणाचा मोठा भाग हाच होता. त्यानंतर ५६ फुटांची ‘म्हादेई’ त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली, आणि लगेच गोवा ते मॉरिशस अशी चाचणीची सफर झाली. जाताना सोबती होते, येताना दोंदे एकटे. ग्रंथाची भाषा साधी, क्वचित रोजनिशीच्या वळणाची आहे. अलंकाराची अपेक्षा ठेवणारा वाचक निराश होईल. परंतु नौका आणि नाविक एकाच वेळी घडत जाण्याचा हा प्रकार आम्हांला केपहॉर्नच्या लाटांपेक्षा अधिक गुंतवून ठेवतो. लाट कोणालाही गाठते. चाळीस महिने धीर धरणे हे मात्र माणसाचे कर्तृत्व असते.

जुन्या नौकेची तयारी हा याहून सूक्ष्म विषय आहे. नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही आपल्या मुंबईची, कुलाब्याला सागवानात बांधलेली ३२ फुटांची नौका. १९६८ च्या शर्यतीसाठी त्यांना खरे तर नवी, मोठी नौका हवी होती. द्रव्यसाहाय्य मिळेना, म्हणून जुनीच घेऊन ते निघाले. वाटेत पाण्याखालच्या फळ्यांची सांध उघडून आत पाणी येऊ लागले. त्याच जागी पूर्वीही पाणी शिरले होते. भर समुद्रात बुडी मारून त्यांनी त्या फटीत कापूस ठासला व वरून तांब्याचा पत्रा ठोकला. सुमारे दहा महिन्यांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, नऊ स्पर्धकांपैकी तेवढे एकटेच शर्यत पुरी करून परतले. निवेदनकलेच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या वाचकाला ती सांध आधीपासून ठाऊक आहे त्याच्याच छातीत धस्स होते. आधीची प्रकरणे कापून तो बुडीचा प्रसंग तेवढा पाठ्यपुस्तकात घातला, तर उरते निव्वळ धाडस.

आपल्याकडील ‘तारिणी’ची कथा याच जातीची आहे. २०१७ साली नौदलात आलेल्या या नौकेने सहा स्त्री-अधिकाऱ्यांसह २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा केली. तीच नौका सात वर्षांची झाल्यावर २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. यांना घेऊन गोव्याहून पुन्हा निघाली आणि २९ मे २०२५ रोजी परतली. निघण्यापूर्वी या दोघींनी तीन वर्षांत सुमारे ३८,००० सागरी मैल कापले होते. म्हणजे सरावाचे अंतर प्रत्यक्ष प्रदक्षिणेच्या २५,००० मैलांहून पुष्कळच जास्त! वृत्तपत्रांनी प्रस्थान आणि आगमन या दोन दिवसांची छायाचित्रे छापली. मधले ३८,००० मैल कोणी लिहील काय? जुन्या नौकेचा कोणता दोर कुरकुरतो, कोणत्या बिजागरीवर भरवसा ठेवू नये, दोघींपैकी कोणाची झोप केव्हा मोडते, हे एकत्र राहूनच कळते. कादंबरीकाराला याहून अधिक ते काय हवे!

यावर आक्षेप येणारच की सामानाची यादी म्हणजे साहित्य नव्हे. हे आम्हांलाही मान्य आहे. शंभर वस्तूंची नुसती नोंद कंटाळवाणीच होते. पण वस्तू का घेतली आणि कोणती मागे ठेवली हे सांगताच यादी संपते व मनुष्य दिसू लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असे लेखन करावयास मराठीत शब्द कोठे आहेत? शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, वल्हे, तांडेल, मचवा, पडाव हे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर आजही तोंडी आहेत आणि जुन्या कागदपत्रांतही आहेत. उणीव असेल तर ती शब्दांना लेखणीपर्यंत पोहोचविणाऱ्यांची. नौका मराठी माणसांनी कल्पिली, बांधली, चालविली आणि तिची हकीकत इंग्रजीत गेली, यात लेखकाला बोल लावण्याचे कारण नाही. नौदलाचा व्यवहार इंग्रजीत चालतो. परंतु तांडेलाच्या पोराने आपल्या बापाच्या होडीच्या डागडुजीवर चार पाने लिहिली, तर ती निबंध म्हणून आपण किती गुण देऊन परत करू, हा प्रश्न आम्ही शिक्षकांनी स्वतःस विचारावयाचा आहे. आमच्यापैकी बहुतेक जण त्यात वादळ नाही म्हणून दोन गुण कापतील.

समुद्रापासून इतक्या दूर, बऱ्हाणपूरच्या लालबागेत बसून ही चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. आमची तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि सतराव्या शतकात येथील कापड सुरतेच्या बंदरातूनच परदेशी जात असे; नौका भरण्याच्या कामात आमच्या गावाचा वाटा फार जुना आहे. शिवाय अजिंठा येथून एका दिवसात जाऊन येण्याजोगा. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगविलेले आहे. पाचव्या शतकातील अजिंठ्याच्या चित्रावरूनच दिवाडीच्या कारखान्यात ‘कौंडिण्य’ हे दोराने शिवलेले जहाज बांधले गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. मूळ चित्रात लेण्यातल्या त्या कलावंताने शिडांबरोबर जहाजावर ओळीने मांडलेले रांजणही काढले आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना तेथे नेले म्हणजे शिडांकडे ते क्षणभर पाहतात. विचारतात ते मात्र त्या रांजणांविषयी, की यांत पाणी होते की तूप, आणि ते किती दिवस पुरले असेल.