मनोऱ्यासमोरचा कवड्या

मित्राच्या घरी सोफ्यावरच्या भिंतीला एक फोटो आहे. थंडीतल्या सकाळी, कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पूर्व काठावरून त्यानेच काढलेला. डावीकडे वर कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडतोय. मान वाकलेली, चोच पाण्याकडे. छातीवर दोन काळे पट्टे, म्हणजे नर. मागे शालिनी पॅलेसचा मनोरा, इतका मोठा की पक्षी राजवाड्याच्या अंगणातच उतरतोय असं वाटावं.

येणारा-जाणारा पक्ष्याला दाद देतो. मला विचाराल तर जीव त्या मनोऱ्यात आहे. १९३१ ते ३४ मध्ये बांधलेला तो काळ्या दगडाचा राजवाडा इथे धुरकट, मऊ, नुसता उभा डाग झालाय. मनोऱ्यावरच्या घड्याळात किती वाजले ते कळत नाही. म्हणून तर पंखांची काळी-पांढरी नक्षी डोळ्यांत भरते. टेलिफोटो लेन्स अंतर दाबते, असं आपण म्हणतो. खरं तर अंतर दाबतं ते आपलं लांब उभं राहणं. तिथूनच मोबाइलवर काढलेल्या फोटोतला तेवढाच तुकडा मोठा केला, तरी पक्षी आणि मनोरा यांचं माप हेच निघेल; फक्त पिक्सेल फुटलेले.

कॅमेरा मुठीएवढा, मायक्रो फोर थर्ड्सचा. सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटर, त्यामुळे निकॉनची जुनी ३०० मिमीची लेन्स इथे फुल फ्रेमवरच्या ६०० एवढी अरुंद चौकट दाखवते. रंकाळ्यावर फिरायला येणारे विचारतात, "भावा, कॅमेऱ्याला लेन्स लावलीयस का लेन्सला कॅमेरा?" प्रश्न बरोबर आहे. सगळा तोल पुढे जातो, म्हणून डावा तळहात लेन्सच्या पोटाखाली आणि कॅमेरा नुसता मागे टेकलेला.

लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधली रिंग मित्राने उद्यमनगरात लेथवर करून घेतली. जाडी सव्वासत्तावीस मिलिमीटर, कारण निकॉनचं माउंट फिल्मपासून ४६.५ मिमीवर आणि या कॅमेऱ्याचं सेन्सरपासून १९.२५ वर. पहिली रिंग केसभर जाड झाली आणि लांबचं काहीच फोकसमध्ये येईना. मनोरा गेला, मैदानापलीकडचं झाडही गेलं. पुन्हा लेथवर. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' चित्रपट काढला, तिथे एका रिंगेचं काय कौतुक!

फोटोतली एक गोष्ट मला अजून छळते. पक्ष्याचं डोकं आणि डोळा लख्ख, पण पंखांची टोकं किंचित पुसलेली. शटर १/८०० होतं. बॉडीतला स्टॅबिलायझर हाताची थरथर सांभाळतो, पक्ष्याची नाही. त्यातही जुन्या लेन्सचा मिलिमीटरचा आकडा कॅमेऱ्याला आपण सांगावा लागतो. आदल्या आठवड्यात तो ५० वरच राहिला होता आणि सगळी सकाळ पाण्यात गेली. शटर आणखी वाढवलं असतं तर पंख गोठले असते, आणि पेंढा भरलेला पक्षी टांगल्यासारखा दिसला असता. या पुसट टोकांत त्याची फडफड ऐकू येते.

फोकस हातानेच, व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून. पक्षी एका जागी थांबतो ते काही क्षण, आणि रिंग फिरवायची बोटाच्या पेराएवढी. कार्डावरचा पुढचा फोटोही मित्राने मला दाखवला. त्यात कवड्या नाही. मनोरा तसाच धुरकट, आणि खालच्या कडेला पाण्याचा एक उडालेला थेंब.