श्रेयनामावलीबाहेरचे हात

हिंदी चित्रपटगीतांवर एकही लेख नसलेला दिवाळीचा हंगाम मला आठवत नाही. या लेखांची चौकट बहुधा ठरलेली असते : संगीतकार, गीतकार, गायक, आणि फार तर पडद्यावरचा नट. गाणे प्रत्यक्ष ऐकू लागलो की चौकट अपुरी पडते. गायकाचा पहिला स्वर लागण्याआधी व्हायोलिनांचा ताफा येऊन गेलेला असतो. दोन कडव्यांमध्ये अ‍ॅकॉर्डियन किंवा सॅक्सोफोन आपले म्हणणे मांडतो आणि मुखड्यामागे एक दुसरीच सुरावट हळूच चाललेली असते. पुष्कळदा आपण गुणगुणतो तो हाच भाग. तो कोणी लिहिला आणि कोणी वाजवला, हे मात्र ना तबकडीवर असते ना चित्रपटाच्या श्रेयनामावलीत.

ज्याचा कागद नाही ते माणसांना विचारावे लागते. मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना हे विचारण्याचे काम गेल्या वीस वर्षांत तीन ठिकाणी गांभीर्याने झाले आहे : ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८), नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) आणि रुद्रदीप भट्टाचार्जी यांचा ‘द ह्युमन फॅक्टर’ (२०१२) हा माहितीपट. वादकांच्या बोलण्यावर इतिहास किती उभा राहू शकतो, हा प्रश्न घेऊन मी ही तिन्ही कामे तपासली. निघालेले निष्कर्ष पुढे मांडतो.

कागद का उरला नाही

आधी कामाची रीत पाहू. १९३०-४० च्या काळात चित्रसंस्थांचे पगारी वाद्यवृंद असत. ती व्यवस्था मोडल्यावर वादक पाळीच्या हिशेबाने, आज या संगीतकाराकडे तर उद्या त्या, असे काम करू लागले. संगीतकार चाल बांधे. चालीभोवतीचे बांधकाम, म्हणजे सुरुवातीचे संगीत, कडव्यांमधले तुकडे, गायनामागची प्रतिसुरावट आणि कोणत्या वाद्याने कुठे बोलायचे हे सगळे, पुष्कळदा संयोजक करी. स्टुडिओच्या भाषेत तो अरेंजर. तो हे पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवी.

ही लिपी वाचू शकणारी माणसे मुंबईला गोव्याने पुरवली. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या पारोकियाल शाळांत मुलांना स्वरलेखन शिकवले जाई. धोबीतलावच्या जेर महालातल्या आणि आसपासच्या ‘कुडां’त, म्हणजे गावागावांच्या वसतिघरांत, ही मुले येऊन उतरत. काही क्लबांत आणि हॉटेलांत जाझ वाजवत, आणि हॉटेलांतून स्टुडिओंत जात. सेबॅस्टियन डिसूझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते, पुढे ते शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ आपल्या सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. ‘अलबेला’त (१९५१) ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

एकाच ट्रॅकवर ध्वनिमुद्रण होई तेव्हा गायक आणि सगळे वादक एकाच वेळी वाजवत. कोण मायक्रोफोनपासून किती दूर बसतो यावर आवाजांचा तोल ठरे. एकाचा सूर चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. टेक पसंत पडला की पाळी संपली. हाताने लिहिलेल्या स्वरलिपीच्या त्या कागदांचे काम तिथेच संपे. ते जपून ठेवावेत असे वाटायला त्या कागदाला किंमत हवी होती, आणि किंमत असायला त्यावर कोणाचा तरी हक्क हवा होता. तो नव्हता.

तीन संवादक, तीन कान

बूथ ऑकलंड विद्यापीठातले संगीतअभ्यासक. त्याआधी त्यांनी ‘ब्रास बाजा’ या पुस्तकात लग्नाच्या बँडवाल्यांचा अभ्यास केला होता. ती सवय इथे कामी आली आहे. संगीताकडे ते आधी धंदा म्हणून पाहतात : काम कसे मिळे, पाळी किती तासांची, संघटनेने दर कसे ठरवले, ध्वनिमुद्रणाचे तंत्र बदलले तेव्हा कोणाचे काम गेले. वादकांची उत्तरे ते लांबलचक, त्यांच्याच बोलण्याच्या लयीत छापतात. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या शेजारी ठेवतात आणि दोन्ही जुळत नसतील तर न जुळलेली तशीच राहू देतात. वाचकाची गैरसोय होते खरी, पण पुस्तकाचा प्रामाणिकपणा याच गैरसोयीत आहे.

फर्नांडिस पत्रकार. त्यांचा मूळ विषय मुंबईचे जाझ. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा बँड ताजमध्ये वाजू लागला, तिथपासून हा प्रवाह चित्रपटगीतांत कसा मिसळला याची ते गोष्ट सांगतात. गोष्ट सांगण्याचे कसब बूथपेक्षा त्यांच्याकडे अधिक आहे, आणि शहराची नस त्यांना ठाऊक आहे. पण गोष्टीला नायक लागतो. वाचता वाचता अशी समजूत होऊ लागते की हिंदी चित्रगीताचे सारे सौंदर्य गोव्याहून बोटीने आले. एक अन्याय दूर करताना दुसरा होण्याची ही जागा आहे. ढोलकीचा ठेका, सारंगीची आस, मँडोलिनवरची मींड हे स्वरलिपीत मावत नव्हते. ते वाजवणाऱ्यांना कागदाची गरज नव्हती, म्हणून त्यांचा भाग संयोजकाच्या नावावर जमा करता येत नाही.

भट्टाचार्जी एकाच घरात शिरतात : कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर. एका पारशी कुटुंबातल्या या तिघांनी मिळून चित्रपटसंगीताची कित्येक दशके वाजवली. माहितीपटाचे नाव यंत्रापुढे माणूस असा सामना सुचवते. पण १९७० च्या दशकात सिंथेसायझर हिंदी चित्रसंगीतात आणणाऱ्यांपैकी केरसी लॉर्ड स्वतःच एक होते. ज्या यंत्राने पुढे वाद्यवृंद मोडला त्याचे स्वागत एका वादकानेच केले होते. तिन्ही कामांत मला सर्वांत मोलाची वाटली ती ही गुंतागुंत. ‘सोनेरी काळ गेला’ एवढ्यावर ती थांबू देत नाही.

किश्श्याची हाव

निवृत्त माणसाच्या बोलण्याला एक स्वाभाविक ओढ असते. हातातून काम गेलेले, बोटे थकलेली, आणि समोर कोणीतरी आदराने विचारणारा. अशा वेळी पूर्वीचे सगळे गोड होते, वाद्यवृंद दर वर्षागणिक मोठा होत जातो आणि गाजलेल्या गाण्यातला गाजलेला तुकडा आपणच वाजवला होता असे वाटू लागते. यात खोटेपणा नसतो. दिवसाला दोन-दोन पाळ्या वाजवणाऱ्याला त्या दिवशी आपण कोणते गाणे वाजवतो आहोत हे पुष्कळदा ठाऊकही नसे. ते त्याला पुढे रेडिओवर कळे.

म्हणून दोष मी सांगणाऱ्याला देत नाही, विचारणाऱ्याला देतो. आपल्याकडच्या, विशेषतः मराठीतल्या, संगीतविषयक मुलाखती किश्श्यासाठी घेतल्या जातात. ‘लताबाईंच्या रेकॉर्डिंगची एखादी आठवण सांगा ना’ असे विचारले की वादक स्वतःच्या आयुष्यातही साहाय्यक पात्र होऊन जातो. आठवण मोठ्या माणसाची, आणि हा तिचा साक्षीदार. त्याऐवजी प्रश्न साधे हवेत : कागद हातात कधी मिळाला? त्यात किती लिहिलेले होते आणि किती तुम्ही घातले? तुमच्या शेजारी कोण बसे? पैसे कोण देई, किती दिवसांनी? किश्शाला टाळी मिळते, पण ताडून पाहता येतात ती अशी उत्तरे. बूथ यांची सरशी होते ती इथे.

तिन्ही कामांत एक उणीव सारखीच आहे. स्त्री वादक जवळपास दिसत नाहीत. उद्योगच पुरुषांचा होता हे खरे, पण सरोदवादक झरीन दारूवाला त्याच स्टुडिओंत वाजवत होत्या. त्या एकट्या कशा टिकल्या हा प्रश्न कोणत्याही ट्रम्पेटवादकाच्या कहाणीइतकाच मोठा आहे.

नाव नाही, म्हणून हक्क नाही

नावाचा प्रश्न मानापमानाचा आहे असे समजून आपण तो सोडून देतो. तो तेवढाच नाही. चित्रगीतात नावे एकाच वेळी आली नाहीत, पायरीपायरीने आली. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी पात्राचे नाव छापले होते. गायिकेचे नाव येण्यासाठी झगडावे लागले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात चित्रपटासाठी केलेल्या संगीतावर, वेगळा करार नसल्यास, निर्मात्याचा हक्क मान्य केला. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी गाणाऱ्याला कायद्यात जागाच नाही याकडे लक्ष वेधले. वाजवणारा तर त्याच्याही मागे उभा होता.

त्याच १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघर पोचले. माजोर्ड्याच्या ज्या व्हायोलिनवादकाचे हे नाव, त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले होते. १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयात रागांवर आधारलेल्या आपल्या वाद्यवृंदरचना त्यांनी सादर केल्या होत्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. शिष्याने गुरूला दिलेली ही दक्षिणा मनोज्ञ आहे. पण एका वादकाचे नाव देशाला पाठ झाले ते पडद्यावरच्या पात्राचे म्हणून, हेही तितकेच खरे आहे.

पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क प्रताधिकार कायद्यात आले. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना व्यावसायिक वापरावर स्वामित्वधन आणि कलावंत म्हणून ओळखले जाण्याचा हक्क दिला. पण कलावंताच्या व्याख्येला तिथेच एक परंतुक जोडले आहे. चित्रपटात ज्याचे सादरीकरण किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि उद्योगाच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा कुठेच दिले जात नाही, तो कलावंत धरला जाणार नाही. आपल्या सादरीकरणाची मोडतोड रोखण्यापुरताच तो कलावंत. हे परंतुक गर्दीतल्या चेहऱ्यांसाठी आहे असे म्हणता येईल, आणि वादकाचे वाजवणे किरकोळ नाही असा युक्तिवादही करता येईल. पण दुसरी अट वाचा. ज्या रूढीने नाव गाळले तीच रूढी इथे हक्क नाकारण्याचे कारण म्हणून उभी आहे.

म्हणूनच हे संवाद स्मरणरंजनाहून अधिक काही आहेत. अमुक तुकडा मी लिहिला, अमुक मी वाजवला, आणि त्यावाचून गाणे उभे राहिले नसते, हे तपशिलाने नोंदवलेले बोलणे म्हणजे ‘किरकोळ’ या शब्दाला दिलेले उत्तर आहे. ते उत्तर भक्कम व्हायचे तर ते दोघातिघांकडून ताडून घेतलेले हवे, आणि त्यात ढोलकीवाल्याचीही साक्ष हवी.

मराठीत हे काम कठीण नाही. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांना आपण ‘अनिल-अरुण’ ही संगीतकार जोडी म्हणून ओळखतो. वाद्यवृंदात वाजवणे आणि संयोजन करणे हे त्यांचे दुसरे आयुष्य त्यामागे झाकले जाते. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अ‍ॅकॉर्डियनला आपण वाहवा दिली, पण त्यांच्या संयोजनावर लिहिलेले फार थोडे. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया हेही स्टुडिओंत वाजवत होते. त्यांची नावे राहिली ती मैफलीच्या मंचामुळे. ज्यांना तो मंच नव्हता त्यांच्यासाठी लेखणीशिवाय दुसरे साधन नाही.

१८६७ च्या एका कायद्याने या देशात छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव देणे बंधनकारक केले. आपल्या दिवाळी अंकांतही मुद्रकाचे नाव न चुकता येते, आणि त्यामुळे लेखकाचे मोठेपण उणे झाल्याचे ऐकिवात नाही. चित्रगीतांवर लिहिणाऱ्यांनी निदान एवढी रीत पाळावी : गाण्याचा उल्लेख करताना संयोजकाचे नाव शोधावे, सापडले तर द्यावे, आणि सापडले नाही तर ती जागा रिकामी आहे हे लिहावे.