कोळसा संपल्यावरचं प्रकरण

मुलुंडच्या घरात पंखा फिरतो तो महावितरणच्या विजेवर. महानिर्मितीच्या २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्रातून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी येते. त्यामुळे या केंद्राला कोळसा पुरवणाऱ्या दुर्गापूर-पद्मापूरच्या खुल्या खाणी आपल्याला वाटतात तितक्या परक्या नाहीत. अशा खाणींना परवानगी देण्याआधी सरकार जे कागद तपासतं, ते मात्र इथे कुणी हातात धरत नाही. मी धरतो, आणि चवीने वाचतो.

टनांची आणि यंत्रांची प्रकरणं चाळून पुढे जावं. खरा मजकूर शेवटी असतो : खाणबंदीचा आराखडा. कोळसा मंत्रालयाने २००९ साली यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. उत्खनन सुरू होण्याआधीच कंपनीने जमीन परत कशी करणार ते सांगायचं. आम्हा मुलुंडकरांना याचं मोल पटावं. आमच्या कचऱ्याच्या डोंगरावर १९६७ पासून भर पडत गेली, २०१८ मध्ये तो बंद झाला. सुरुवातीला असलं प्रकरण मागणारा नियमच नव्हता.

पर्यावरण मंजुरीपत्रातली माझी सर्वांत आवडती अट वरच्या मातीची आहे. ती वेगळी काढायची, वेगळी रचायची आणि फार काळ पडून राहू द्यायची नाही. तीन क्रियापदांत काम उरकलेलं, विशेषणाचा पत्ता नाही. काळी माती वर्षानुवर्षं ढिगात दबून राहिली की तिच्यातला जीव जातो, आणि दगड-मुरुमाखाली गेली तर ती हातची गेलीच. हे जाणणारा कुणीतरी ही अट लिहायला बसला असणार. ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांहून जास्त नको, भोवती पाण्यासाठी चर हवा, याही अटी अशाच कोरड्या आणि नेमक्या. खाणीच्या ढिगाऱ्यांनी इरई नदीचं पात्र आवळलं, ही चंद्रपूरकरांची जुनी तक्रार ठाऊक असेल तर त्या चराचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

पण तपासणाऱ्याचा खरा कस लागतो तो मातीच्या ताळेबंदात. कुठल्या वर्षी किती घनमीटर दगडमाती निघेल आणि ती कुठे जाईल, याचा हा तक्ता. पहिली काही वर्षं खड्ड्याचा तळच मोकळा झालेला नसतो, म्हणून सगळा माल बाहेर, कुणाच्या तरी शेतावर, डोंगर होऊन बसतो. मग खाण पुढे सरकते आणि मागचा खड्डा पुढच्या मातीने भरत जातो. हा भाग वाचताना मजा येते. आकड्यांमधून खाण चालताना दिसते. मात्र शेवटचा काप घेतल्यावर त्याच्या पुढे माती उरत नाही. सुरुवातीचा डोंगर उचलून आणून त्यात टाकावा, तर एकच माल दोनदा वाहायचा खर्च. तो टाळला की खड्डा राहतो, आणि आराखड्यात त्याचा 'जलाशय' होतो. इथे लेखणी जरा चतुर होते. तपासणाऱ्याने इथेच थांबून विचारायला हवं : खोली किती, काठ किती उभे, कुंपण कोण राखणार?

पैशाचं कलम मात्र बिनतोड आहे. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, २००९च्या दराने, कोळसा नियंत्रकाच्या सहभागाने उघडलेल्या एस्क्रो खात्यात, दरवर्षी वाढत्या हप्त्याने भरायचे, असा तेव्हाचा नियम होता. काम दाखवलं तर दर पाच वर्षांनी त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत मिळण्याची सोय २०१३ साली झाली होती. उरलेले अखेरच्या बंदीनंतर. वचनावर विश्वास ठेवूनही गहाण मागणारा हा सावकारी बाणा मला फार भावतो.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक भर घातली : खणलेल्या जागेवर पुन्हा गवत उगवलं पाहिजे, गुरांना चरण्याजोगं. तोवर सगळा हिशोब रोपांचा होता, आणि रोपं मोजणं सोपं. दुर्गापूरच्या ढिगाऱ्यांवर झुडपं माजली आणि बिबट्या-वाघांनी तिथे बस्तान मांडलं. खालच्या वस्त्यांना संध्याकाळी बाहेर पडायची धास्ती. रांचीच्या सीएमपीडीआय या खाण-नियोजन संस्थेचे तज्ज्ञ उपग्रहचित्रांवरून हिरवं क्षेत्र मोजतात, ते आपल्या जागी बरोबरच असतं. त्या हिरव्यात कोण राहतं, हा रकाना त्यात नाही. गवत चरायला गुरं न्यायची तर कुणीतरी गुराखी तिथे जाणार, एवढं भान न्यायालयाच्या त्या अटीत आहे.

जनसुनावणीसाठी पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, तेवढ्यावर समाधान मानू नये. पर्यावरण मंजुरीबाबतच्या २००६च्या अधिसूचनेनुसार मसुद्याचा पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात ठेवावा लागतो आणि सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. तिथे जाऊन नोकऱ्यांच्या प्रकरणाआधी टप्प्याटप्प्याच्या नकाशांतला शेवटचा नकाशा मागावा, आणि त्यातल्या निळ्या भागाचं क्षेत्रफळ ताळेबंदातल्या मातीशी ताडून पाहावं.