कवीने तपासलेली शाळा

मॅथ्यू अर्नोल्ड हे नाव आपल्याकडील वाचकांना परिचित असते ते 'डोव्हर बीच' या कवितेमुळे, किंवा 'कल्चर अँड अनार्की' या ग्रंथामुळे. त्याच्या आणखी एका पुस्तकाकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. वळावे असे त्याचे नावही नाही. 'रिपोर्ट्स ऑन एलिमेंटरी स्कूल्स' असे ते रुक्ष नाव. १८५१ साली अर्नोल्ड सरकारी शाळा-तपासनीस झाला आणि १८८६ पर्यंत, म्हणजे तब्बल ३५ वर्षे, त्याने ती नोकरी केली. १८५२ ते १८८२ या काळात त्याने खात्याला पाठवलेले अहवाल त्याच्या मृत्यूनंतर, १८८९ साली, एकत्र छापले गेले. सरकारी दप्तरातला अहवाल वाङ्मय या पदवीला पोहोचू शकतो काय, असा प्रश्न कुणी विचारला तर मी हे पुस्तक पुढे करीन. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्याही लिहितो. या दोन्ही नात्यांनी हे पुस्तक मला जवळचे वाटते.

हे अहवाल समजायचे तर त्यांच्यामागचा शिलिंग-पेन्सचा हिशेब आधी ध्यानात घेतला पाहिजे. १८६२ साली इंग्लंडात शिक्षणखात्याचा सूत्रधार रॉबर्ट लो याने 'रिव्हाइज्ड कोड' नावाची नियमावली आणली. अनुदानावर चालणाऱ्या शाळेला सरासरी हजेरीवर दरडोई ४ शिलिंग मिळत. त्याखेरीज पुरेशी हजेरी भरलेल्या प्रत्येक मुलामागे ८ शिलिंग ठेवलेले असत. पण ते तपासनिसापुढे त्या मुलाची परीक्षा झाल्यावर. वाचनात नापास झाला, २ शिलिंग ८ पेन्स कापले. लेखनात झाला, आणखी तेवढेच. गणितात झाला, उरलेलेही गेले. सहा इयत्तांना सहा ठरीव कसोट्या, देशभर एकच माप. शाळेच्या अनुदानातूनच मास्तरांचा पगार निघत असल्यामुळे बाकावरचे मूल अडखळले की मास्तरांच्या घरची चूल अडखळे.

लो हा काही कथा-कादंबरीतला खलपुरुष नव्हता. १८५८ साली नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये आपला अहवाल दिला होता आणि पुष्कळशी मुले वाचन-लेखन-गणिताचा पाया पक्का न होताच शाळा सोडतात, हे त्याने दाखवून दिले होते. तोवरचे तपासनीस वर्गावरून नजर फिरवीत, पुढच्या रांगेतल्या हुशार मुलांची उत्तरे ऐकत आणि समाधानाने परत जात. शेवटच्या बाकावरच्या पोराला काय येते, हे कुणीच पाहत नसे. लो याने ते पाहायला लावले. ही पद्धत स्वस्त ठरली नाही तर कार्यक्षम ठरेल, आणि कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त ठरेल, अशा अर्थाचे त्याचे पार्लमेंटमधले उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यातला व्यापारी वास सोडला, तरी प्रश्न खरा होता.

अर्नोल्डने या नियमावलीला पहिल्यापासून विरोध केला. १८६२ च्या मार्चमध्ये 'फ्रेझर्स मॅगझिन'मध्ये त्याने तिच्याविरुद्ध निनावी लेख लिहिला. खात्याचे मीठ खाऊन खात्याच्या धोरणावर असा लेख लिहिण्यात जोखीम होती. ती त्याने पत्करली. परंतु त्याहून मोलाचे वाटते ते त्याचे १८६७ सालचे निवेदन. त्याच वर्षी 'डोव्हर बीच' प्रसिद्ध झाली. तीच लेखणी इथे सारे अलंकार उतरवून ठेवते आणि जे दिसले ते सांगते. नव्या नियमानंतर शाळांतली उमेद ओसरली आहे, शिकवण्यात यांत्रिकपणा आला आहे, असे तो नोंदवतो. आवाज कुठेही चढत नाही. फक्त किंचित उपहास वाक्यांच्या मागे उभा असतो. यांत्रिक परीक्षा घ्याल तर मास्तर यांत्रिक युक्त्या शोधतील आणि या खेळात अखेर तपासनिसांवर तेच मात करतील, असे त्याचे भाकीत आहे.

ती युक्ती कोणती, हेही तो सांगतो, आणि या पुस्तकाचा गाभा मला तिथेच दिसतो. वर्षाच्या आरंभी इयत्तेसाठी एक वाचनपुस्तक ठरवायचे. वर्षभर मुलांनी तेच वाचायचे, पुन्हा पुन्हा वाचायचे, दुसरे काही नाही. तपासनीस आला की त्याच पुस्तकातली दोन-चार वाक्ये मुले घडाघडा म्हणून दाखवतात. दुसरे पुस्तक हाती दिले तर ती वाचू शकत नाहीत. पण नियमात दुसरे पुस्तक कुठे आहे? मधल्या इयत्तांचा उतारा शाळेत चालू असलेल्या पुस्तकातलाच असावा, असे नियमावलीच सांगत होती. वर्तमानपत्रातल्या साध्या मजकुराची कसोटी होती ती सहाव्या इयत्तेला. आणि तिथवर पोहोचणारी मुले थोडीच. म्हणजे वाचता येते की नाही याची खरी परीक्षा जिथे होती, तिथवर बहुतेक मुले जातच नव्हती.

आपल्या भाषेत धड्यालाही 'पाठ' म्हणतात आणि मुखोद्गत झालेल्यालाही 'पाठ'च म्हणतात. या दोन अर्थांमधले अंतर किती, ते वर्गात उभे राहिल्यावर कळते. तिसरीतली एक मुलगी पुस्तकातला धडा असा वाची की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. एकदा मी तिच्या हाती बियाण्यांची रिकामी पिशवी दिली आणि वरचा मजकूर वाचायला सांगितला. ती पहिल्याच जोडाक्षराशी थांबली, माझ्या तोंडाकडे पाहू लागली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, हे आम्हाला नाही." तिचे चुकले नव्हते. वाचायचे ते पुस्तकातले आणि परीक्षेपुरते, अशीच तिची समजूत झाली होती. तिचे गुण मात्र तक्त्यात पहिल्या ओळीत होते.

अर्नोल्ड पाठांतराचा शत्रू होता, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. उत्तम कविता मुलांनी तोंडपाठ कराव्यात असा त्याचा आग्रह होता. वरवर हा विरोध दिसेल. वस्तुतः तो नाही. पाठ केलेली चांगली कविता मुलाची स्वतःची होते, पुढे कधीतरी अवचित उमलते. शिलिंगासाठी पाठ केलेला उतारा परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुसला जातो.

या शिलिंगाचे वारे आपल्याकडेही आले. निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातही सुरू झाली. १८८२ च्या ऑक्टोबरात महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला जे निवेदन दिले, ते अर्नोल्डच्या अहवालांशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. डेप्युटीसाहेब वर्षातून एकदा शाळेत येऊन जातात त्याचा काही उपयोग नाही, तपासणी अधिक वेळा आणि तीही आगाऊ सूचना न देता व्हावी, असे त्यांनी सांगितले. आणि त्याचबरोबर प्राथमिक शिक्षकाला महिना किमान १२ रुपये तरी पगार असावा असेही मागितले. तपासणी कडक हवी आणि मास्तरची भाकरीही पक्की हवी, हे दोन्ही एकाच माणसाने एकाच कागदात मागितले. फुल्यांना ज्यांच्या मुलांची चिंता होती त्यांना शाळेखेरीज दुसरा आधार नव्हता; मापाशिवाय त्यांचे चालण्यासारखे नव्हते.

आणि इथेच अर्नोल्ड मला अपुरा वाटतो. शाळा ही संस्कार करणारी संस्था आहे, निव्वळ परीक्षेचे यंत्र नव्हे, हे त्याचे म्हणणे शिरोधार्य. परंतु शेवटच्या बाकाचे काय, या लो याच्या प्रश्नाला त्याच्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. सुसंस्कृत तपासनिसाच्या नजरेवर विश्वास ठेवा, असाच त्याचा सूर. प्रत्येक शाळेला अर्नोल्ड कुठून मिळणार?

त्याचे भाकीत मात्र तंतोतंत खरे ठरले. इंग्लंडने १८९० नंतर ही पद्धत क्रमाक्रमाने मोडीत काढली. पण शंभरएक वर्षांनी अमेरिकेने जवळपास तोच मार्ग धरला. २००२ च्या जानेवारीत तिथे झालेल्या कायद्याने शाळांना वार्षिक चाचण्यांच्या निकालाला बांधले आणि २०१४ पर्यंत सगळी मुले वाचन-गणितात प्रवीण झालीच पाहिजेत असे ठरवले. २०११ साली अटलांटा शहरात सरकारी चौकशीने उघडकीस आणले की ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा गैरप्रकारांत हात होता. मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली गेली होती. २०१५ च्या अखेरीस तो कायदा बदलला. शिलिंग डॉलर झाला, एवढाच फरक.

मग मापूच नये काय? माझे मत तसे नाही. २००५ पासून 'प्रथम' ही संस्था 'असर' नावाची पाहणी करीत आली आहे. तिचे कार्यकर्ते शाळेत नव्हे, खेड्यांतल्या घरोघरी जातात, मुलाला अंगणात बसवतात आणि दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा पुढे ठेवतात. पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना तो वाचता येत नाही, हे कटू सत्य त्या कागदाने वारंवार सांगितले. तो खरे सांगू शकतो, कारण त्या उत्तरावर कोणा मास्तराचा पगार टांगलेला नसतो आणि तो उतारा कोणी वर्षभर घोकून घेतलेला नसतो. तापमापीवर वैद्याची फी ठरू लागली, तर तापमापी थंड पाण्यात बुडवण्याचा मोह वैद्याला होणारच. तेवढ्यावरून तापमापी फेकून देण्याचे कारण नाही. फीची दोरी तोडावी, एवढेच.

अर्नोल्डच्या अहवालांत मोठी सिद्धान्तचर्चा नाही. एक मूल पुस्तक समोर धरून उभे आहे, ओठ हलत आहेत, शब्द बरोबर येत आहेत आणि ते वाचत नाही, हे एका कवीला दिसले. दाखल्यावर 'उत्तीर्ण' लिहिण्याचे काम करीत असतानाच त्याने ते लिहूनही ठेवले. आज हा अंक घराघरांत हातोहात फिरत असेल. फराळाच्या ताटापाशी बसलेल्या आपल्या मुला-नातवंडांचे गुण पाहुण्यांना सांगण्याआधी अंकाचे कोणतेही एक पान त्यांच्यापुढे उघडे करून पाहावे. अडखळली तर रागावू नये. शेजारी बसून दोन ओळी आपणही वाचाव्यात. शाळेला लावायचे माप एवढे साधे असू शकते. फक्त त्याला पैसा चिकटू देऊ नये.